त्या बाई काय बोलत होत्या?

धुळे, १८ जून २०२५

चि. भूषण,

आशीर्वाद आहेतच. ते तुझ्या वागण्यावर अवलंबून नाहीत, नाहीतर या वेळी मी हात आखडता घेतला असता.

पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा फोन मेघा नावाची मुलगी उचलते आणि "सर सेशनमध्ये आहेत" म्हणते. ईमेल तुझी टीम वाचते. सख्ख्या भावाशी बोलायला मध्ये टीम लागते हे मला माहीत नव्हतं. म्हणून पाकिटावर लाल शाईने "फक्त डॉ. भूषण यांनीच उघडावे" असं लिहिलंय. मास्तरीण आहे, लाल शाई घरात भरपूर.

शाळा परवा उघडली. तुझ्या 'विचारा की!' उपक्रमाचे व्हिडिओ सगळ्या शाळांना आलेत आणि ते नववीच्या वर्गात दाखवावेत असा निरोप वरून आला आहे. विज्ञान मीच शिकवते, तेव्हा स्मार्टबोर्ड मीच लावला. खरं सांगू? मला फार बरं वाटलं. पोरांना सांगितलं, हे डॉक्टर भूषण, मेंदूचे शास्त्रज्ञ, माझे धाकटे भाऊ. पोरं ताठ बसली. पहिला भाग छानच आहे. चेतापेशी, निरोप कसा जातो, सगळं कसं सोपं करून सांगितलंस. मी मनात म्हटलं, लहानपणी नाक पुसायला मी लागायचे याला, आणि आता बघा.

मग दुसरा भाग सुरू झाला. 'अंगात येतं म्हणजे काय?'

आपलं अंगण. आपला ओटा. कानबाईचा पाट. आणि केस मोकळे सोडून घुमणारी आई. तोंड तेवढं धूसर केलेलं आणि वरून तुझा आवाज, "या बाईंच्या अंगात देवी आली आहे का? नाही. हा सगळा मेंदूचा खेळ आहे, चला, तो समजून घेऊ."

पोरं हसली. हसणारच, त्यांचं वय हसायचं. पण मागच्या बाकावरची आपल्या गावची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, ही तं आमनी झुंबर आजी शे."

अरे शहाण्या, तोंड धूसर केलंस म्हणजे झालं? गावात माणसाला तोंडावरून कोण ओळखतं? चालण्यावरून ओळखतात, ओट्यावरून ओळखतात, हातातल्या पाटल्यांवरून ओळखतात.

मी बोर्ड बंद केला आणि पोरांना आकृती काढायला बसवलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एवढी वाईट तासिका मी घेतली नव्हती.

आबा गेले तेव्हा तेराव्याच्या दिवशी तू चारचौघांत आईला म्हणालास, "हे अंगात येणं आता बंद कर, लोक मला विचारतात." मी तुला तिथेच झापलं, तू बॅग उचलून गेलास, आणि तेव्हापासून आपलं बोलणं नाही. ते सगळं बाजूला ठेव. माझं मागणं एकच आहे, तो भाग काढ. आईला अजून काही कळलेलं नाही. कळायच्या आत काढ.

तुझी
अक्का


धुळे, २९ जून २०२५

भूषण,

उत्तर आलं. तुझं नाही, मेघाचं. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. चित्रफितीतील व्यक्तीची ओळख लपवलेली असून तिचा उपयोग केवळ शैक्षणिक आहे." मी तिला अभिप्राय दिला नव्हता बाई! मी भावाला बोल लावला होता. दोन्हीत फरक असतो म्हणावं तिला.

आता ऐक. आईला कळलं.

गावच्या शाळेतही तो टीव्हीवर लागला. संध्याकाळी गल्लीतली कार्टी केस पुढे घेऊन घुमायची नक्कल करत होती, आणि आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. तिने एकाला धरलं आणि विचारलं. त्याने सांगून टाकलं. पोरंच ती.

मी रविवारी गावी गेले तर माझ्या पुढ्यात चहासुद्धा ठेवला नाही. आधी म्हणाली, "दाखाड." मी टाळाटाळ केली. "दाखाड म्हनी ऱ्हायनू ना!" मग मोबाईलवर लावलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिलं. मला वाटलं रडेल. कसलं काय!

"तोंड कसाले पुसं मनं? मी काय चोरी करेल शे का?"

मी म्हटलं, ओळखू येऊ नये म्हणून.

"नि मना आवाज कोठे शे? तोंड हाली ऱ्हायनं, मंग आवाज कोठे गया?"

भूषण, मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला होता, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या धूसरपणातही तिचे ओठ हलताना कळतात, ती बोट दाखवून कुणाला तरी काही सांगतेय, आणि तो आवाज तू काढून टाकून आपला आवाज वर चढवलायस.

मग ती बोलली ते जसंच्या तसं लिहिते. "अवंदा त्यानी मूठ मी लेवाव नही."

पुण्यात राहून विसरला असशील म्हणून सांगते. श्रावणात घरात कानबाई बसते तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, अगदी पाळण्यातल्या पोराच्या नावानेसुद्धा. ज्याच्या नावाची मूठ, तो त्या घरचा. तू इतकी वर्षं आला नाहीस तरी तुझी मूठ एकदाही चुकली नाही. आबा गेले त्या वर्षी सण नव्हता, तेवढाच खंड. आणि आता ती म्हणते, यंदा घेणार नाही. मी समजूत काढायला गेले तर म्हणाली, "तू मधमां पडू नको," आणि लसूण घेऊन आत गेली.

हे आपल्या घरापुरतं असतं तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. पण अजून एक भानगड आहे आणि ती मोठी आहे.

प्रेमराजकाकांची नात ज्योत्स्ना. तू तिला परकर-पोलक्यात पाहिलं असशील. दोन वर्षं माझ्याकडे राहून ती बारावी सायन्स झाली, मार्क चांगले आहेत, आणि तिला बी.एस्सी. करायचंय. का, तर मेंदूचा अभ्यास करायचाय! तुझी भाषणं ऐकून ऐकून तिचं डोकं फिरलंय. पण काकांनी सुरतचं स्थळ पक्कं केलंय. कानबाई उठली की साखरपुडा, तुळशीचं लग्न झालं की हिचं. ती वैशाखात अठराची झाली, त्यामुळे कायद्याकडे जायचीही सोय नाही. बापाचं काकांपुढे काही चालत नाही. मी बोलून पाहिलं तर काका म्हणाले, "तू लग्न नही करं, तुना काय सल्ला लेवाना?" गिळलं मी ते.

घरातल्या सगळ्या बायकांची भिस्त एकाच गोष्टीवर होती. कानबाईच्या दिवशी झुंबरबाईच्या तोंडून निघेल. काका आईला जुमानत नाहीत, पण कानबाईपुढे नाक घासतात.

आणि आता काका चावडीवर बसून तुझं नाव पुढे करून सांगतायत, "आते वहिनीनं काय ऐकानं? तिना आंडोरच सांगी ऱ्हायना, तिले आजार शे. एवढा मोठा शास्त्रज्ञ, तो काय खोटं बोली?"

म्हणजे बघ. विज्ञान शिका म्हणून तू गावोगाव फिरतोस, आणि आपल्याच घरची एक पोरगी तुझ्या व्हिडिओपायी विज्ञान सोडून सुरतेला चालली.

अक्का


धुळे, १३ जुलै २०२५

भूषण,

तुझं उत्तर नाही. मेघाचंही नाही. घाबरली वाटतं.

मला अंधश्रद्धाळू ठरवून मोकळा होऊ नकोस. मी कधी अंगाऱ्याला हात लावला नाही, माझ्या वर्गात लिंबू-मिरचीची टर उडते. अंगात येतं तेव्हा मेंदूत काय होतं ते तू सांगतोस, ते बरोबरच असेल. मी तुझ्याशी त्यावर वाद घालत नाही. पण असं बघ, मेंदूत काय होतं हे शोधलंस आणि ती बाई बोलते काय, ते ऐकायचं राहून गेलं. असा कसला रे प्रयोग? अर्धं निरीक्षण टिपून निष्कर्ष काढला, तर नववीच्या पोराचेही मी मार्क कापते.

ते चित्रण तू स्वतः केलंस, २०१९ च्या श्रावणात, नवीन फोन घेतला होतास तेव्हा. "आठवण म्हणून घेतो," म्हणालास. मी तुझ्या शेजारीच उभी होते. ती काय बोलत होती ते तुला आठवत नसेल, तर मी सांगते. सारिका, काकांची धाकटी सून, तिला नर्सिंगला जायचं होतं आणि काका नाही म्हणत होते. आई काकांकडे बोट करून म्हणाली, "पेमराज, सारिकाले दवाखानानं शिक्षन दे. नही तं मी ह्या घरना रोट खावाव नही." काकांनी तिथेच कान धरले आणि हो म्हटलं. सारिका आज धुळ्यात दवाखान्यात नोकरी करते, तिथे सगळे तिला सिस्टर म्हणतात. गेल्या वर्षी काकांना डेंग्यू झाला तेव्हा सलाईन तिनेच लावलं.

आता त्याच्याही मागे जा. तू दहावी झालास ते वर्ष. तू मुलाखतीत नेहमी सांगतोस, "माझ्या वडिलांच्या दूरदृष्टीमुळे मी शिकलो." अरे, कुठली दूरदृष्टी! आबा चांगला माणूस होता, पण त्याची दृष्टी कापसाच्या गाडीपलीकडे जात नव्हती. तुला काट्यावर बसवायचं त्याने ठरवलं होतं, वजन करायला. तू दोन दिवस जेवला नाहीस. आई आबांशी बोलायला गेली तर आबा म्हणाले, "तुले काय समजस?" त्या रविवारी कानबाई बसली, आणि आईच्या अंगात आलं. आयुष्यात कधी नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाली, "कौतिक, पोऱ्याले शिकाड. पुनाले धाड."

आबांनी जमिनीला डोकं टेकलं. तू तिथेच होतास, खांबाला धरून.

माझंही तसंच. मला धुळ्याला होस्टेलला ठेवायचं कुणी ठरवलं असं तुला वाटतं?

ती मुद्दाम करायची का, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती चिडली नाही. म्हणाली, "मले काय माहीत, माय. त्या टायमाले बोलता येस, एवढंच मले माहीत." नंतर तिला काही आठवत नाही, हे तर तूच व्हिडिओत सांगतोस.

उरलेल्या वर्षभरात तिचं कुणी ऐकलं असतं तर ती एकाच दिवशी बोलली असती का, हा प्रश्न मी तुला घालते. शास्त्रज्ञ तू आहेस.

वीस तारखेला तुझा धुळ्यात कार्यक्रम आहे. मी येणार आहे. ज्योत्स्नाही येईल. घर इथून दीड तासावर आहे, आई घरीच असते, एवढं लिहून ठेवते.

अक्का


धुळे, २१ जुलै २०२५

भूषण,

कालचा कार्यक्रम छान झाला, अभिनंदन. हॉल भरला होता, लोक जिन्यात उभे होते. पुढाऱ्याच्या सभेला येत नाही एवढी तरुण पोरं तुझ्यासाठी आली. तू स्टेजवर आलास तेव्हा माझा ऊर भरून आला आणि त्याचा मला रागही आला. केस पांढरे झालेत तुझे, रंगवत जा किंवा कापून टाक.

तो व्हिडिओ तू कालही दाखवलास. मी पाचव्या रांगेत बसलेली तुला दिसत होते, तरीही दाखवलास.

शेवटी तू तुझं नेहमीचं वाक्य म्हणालास, "प्रश्न विचारा. मूर्ख प्रश्न नसतो, न विचारलेला प्रश्न मूर्ख असतो." टाळ्या. आणि ज्योत्स्नाने हात वर केला. मी तिला शिकवून आणलं नव्हतं, गळ्याशप्पथ. माईक हातात आल्यावर तिने तो नीट तोंडाजवळ धरला.

"सर, त्या बाई काय बोलत होत्या?"

बस, एवढंच. तू ग्लास उचललास, पाणी प्यायलास. मी तुला लहानपणापासून ओळखते, उत्तर येत नसलं की तुला तहान लागते. मग म्हणालास, "चांगला प्रश्न आहे. पण वेळ संपला आहे, आपल्याला जळगावला पोचायचंय."

आणि गेलास. मागच्या दाराने.

पोरगी रिक्षात मला म्हणाली, "आत्या, सर आपल्याला ओळखत नाहीत का?" मी म्हटलं, ओळखतात गं, म्हणूनच पळाले. मग दोघी हसलो, आणि मग ती रडली. तिचं पुढच्या महिन्यात काय होणार हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. प्रवेशाची शेवटची यादी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागते आणि तिची कागदपत्रं काकांच्या कपाटात आहेत.

मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की तुला जेवायला बोलवून चिडावं असं वाटतंय. तू तर तेवढीही संधी दिली नाहीस.

व्हिडिओ काढ म्हणून मी आता सांगणार नाही. तुझ्याकडे मूळ चित्रण असेल. एकदा, एकटा बसून, आवाज लावून ऐक. एवढंच कर. मग जे करायचं ते कर.

अक्का


धुळे, ३१ जुलै २०२५

भूषण,

सोमवारी मोबाईलवर तुझ्याकडून आलं. वर काही लिहिलेलं नाही, खाली काही लिहिलेलं नाही, नुसती फिल्म. मेघाच्या नंबरवरून नाही, तुझ्या. आवाजासकट. तोंडही पुसलेलं नाही.

मी उघडली आणि बंद केली. म्हटलं, हे आधी जिचं आहे तिने ऐकावं.

काल गावी गेले. आई शेंगा फोडत होती. मी फोन तिच्या मांडीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. ढोल, बायकांची गाणी, आणि मग ती, "पेमराज, सारिकाले दवाखानानं शिक्षन दे." ती शेंगा फोडायची थांबली. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावलं. सुंदरकाकू भिंतीपलीकडून आल्या, त्यांच्यामागे सारिका. तिची सुट्टी होती. अंगणात आम्ही सगळ्या त्या फोनभोवती बसलो होतो.

आईने फोन हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. मग म्हणाली, "हाऊ तं मनाच आवाज शे."

मी म्हटलं, मग कुणाचा असणार?

"मले वाटे, ती बाई दुसरीच बोलस. कानबाईना आवाज येगळा ऱ्हाई. हाऊ तं मी शेंगदाना इकनारले बोलस ना, तोच आवाज शे."

सारिका हसायला लागली. आई हसली नाही. तिने फोन कानाला लावला आणि एकटीनेच आणखी एकदा ऐकला.

तू पाठवलंस, बरं केलंस. शाबास म्हणायची माझी तयारी अजून झालेली नाही. मुठीचं मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. शनिवारी गहू काढायचे आहेत.

अक्का


धुळे, ५ ऑगस्ट २०२५

चि. भूषण,

अनेक आशीर्वाद. या वेळी हात आखडता नाही.

सगळं नीट सांगते, मध्ये वाहवत गेले तर माफ कर.

शनिवारी दुपारी गहू काढायला बसलो. ओसरीवर काका, त्यांची मुलं, चुलत भाऊबंद. आई मधोमध, पुढ्यात टोपली. काका नावं सांगत होते, आई मूठ काढत होती. काकांची झाली, त्यांच्या मुलांची झाली, सारिकाच्या बाळाची झाली. तुझं नाव आलं तेव्हा काका मुद्दाम थांबले. सगळ्यांना माहीत होतं ती काय म्हणाली होती ते. आईने हात गव्हात तसाच ठेवला.

आणि म्हणाली, "ज्योत्स्नानी मूठ ले."

कुणाला काही समजेना. पोरीची मूठ आपल्या घरात काय, कुणाच्याच घरात नसते. काका म्हणाले, "वहिनी, पोरनी मूठ नसस."

"आते ऱ्हाई. ती आजून ह्याच घरनी शे. ती शिकी. साखरपुडा थांबाडा."

तिचे केस बांधलेले होते. अंग हलत नव्हतं. चष्मा लावलेला होता. काका तिच्याकडे बघत राहिले आणि अर्धवट उठून हात जोडायला लागले. विचारलं, "वहिनी, आंगात उनं का? कोन बोली ऱ्हायनं? कानबाई का?"

हो म्हणाली असती तरी चाललं असतं, भूषण. काकांचे हात अर्धे जोडलेले होते, एक होकार पुरला असता. मी मनात म्हणत होते, आई, हो म्हण, हो म्हणून टाक.

ती म्हणाली, "नही. कानबाई नही. मीच शे. झुंबर."

काकांचे हात खाली आले. हसले ते. म्हणाले, मग ठीक, मग पुढचं नाव घ्या. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात सुंदरकाकूंनी हातातलं सूप जमिनीवर ठेवलं. आयुष्यभर काकांपुढे ब्र न काढलेली त्यांची बायको. म्हणाल्या, "मंग हाई दयन तुम्हीच दयी ल्या." सारिकाने जात्यावरचा कपडा पुन्हा जात्यावर टाकला. बाकीच्या सुना उठून उभ्या राहिल्या. रोटाचं दळण आपल्या घरी गिरणीत जात नाही आणि बाईमाणसाशिवाय जात्याला कोणी हात लावत नाही. दळण नाही तर रोट नाही, रोट नाही तर कानबाई नाही. आपल्या काकांची एवढी मोठी मिशी, पण त्यांनी कधी जात्याचा खुंटा धरलेला नाही.

कुणी ओरडलं नाही की कुणी रडलं नाही. बायका नुसत्या उभ्या होत्या. काकांनी मुलांकडे पाहिलं, मुलांनी छताकडे पाहिलं. ज्योत्स्नाचा बाप, जो कधी बोलत नाही, तो काकांना म्हणाला, "नाना, मूठ ली ल्या ना."

काका म्हणाले, "ल्या."

आईने ज्योत्स्नाची सव्वा मूठ टोपलीत टाकली. मग थांबली नाही, लगेच तुझी टाकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यानी आवाज धाडा. मूठ तं लेनीच पडी."

मग माझ्याही नावाची काढली. ते मी उगाच लिहितेय. पण काढली.

रविवारी कानबाई बसली. गाणी झाली, फुगड्या झाल्या. सगळे आईकडे बघत होते. तिच्या अंगात काही आलं नाही. ती सगळ्यांबरोबर गाणी म्हणत बसली, आणि तिचा आवाज बेसूर आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. तू याचा काय तो अर्थ लाव, मी लावणार नाही. सोमवारी विसर्जन करून आल्यावर काका ज्योत्स्नाला म्हणाले, "तुना कागद कोनता कोनता लागतस?" आज सकाळच्या एसटीने ते स्वतः तिला घेऊन धुळ्याला आले. मी त्यांना चहा दिला. सुरतवाल्यांना काय सांगणार, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. फॉर्मवर तिने विषय लिहिले तेव्हा ते चष्मा नसल्यामुळे कागद लांब धरून वाचत होते.

तुझ्या वाट्याचा रोट मी खाल्ला. तो पोस्टाने पाठवत नाहीत, घरात बसूनच खायचा असतो, हे तुला माहीत आहे. गंगाफळाच्या, म्हणजे तुमच्या पुण्याकडच्या लाल भोपळ्याच्या, भाजीबरोबर चांगला लागला.

राखी याच पाकिटात आहे. शनिवारी बांध. मेघाकडून बांधून घेतलीस तरी चालेल, तिचा काही दोष नाही.

काल आईला विचारलं, भूषणला काय लिहू? तू तो भाग सगळीकडून काढलास, हे मी तिला सांगितलं. ज्योत्स्नाने फोनवर शोधून पाहिलं होतं. आई थोडी नाराजच झाली. तिने सांगितलं ते शब्दही न बदलता लिहिते.

"काढी कसाले टाका? दाखाड म्हना पोरेसले. मी हां म्हनी ऱ्हायनू. पन तोंड पुसू नको, नि आवाज बंद करू नको."

तुझी
अक्का